खांब खचला नव्हता

मी, खाली सही करणारा, बंदरावरच्या पाणीपातळी कचेरीतून निवृत्त झालेला नोंदणी कारकून, वय वर्षे चौसष्ट, राहणार टेकडीवरचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे हृदय अर्धेच काम करते, डोके मात्र पुरे करते, असा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कुणी धमकावलेले, भुलवलेले किंवा काही पाजलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यात खोटे लिहिले असते.

कलम १. माझी पत्नी हयात नाही. एक मुलगी आहे. ती जमीनमोजणीचे काम करते आणि दुसऱ्या शहरात राहते. एक धाकटा भाऊ आहे. तो घड्याळे दुरुस्त करतो आणि खाडीकाठच्या वस्तीत राहतो. भाऊ मला दादा म्हणतो. गाव मला पट्टीवाला म्हणते, कारण धक्क्याच्या खांबावर ठोकलेल्या पट्टीवर भरती-ओहोटीचे पाणी कुठवर आले ते वाचून लिहिणे, हेच काम मी छत्तीस वर्षे केले.

कलम २. टेकडीवरचे माझे राहते घर, तीन खोल्या, मागची पडवी आणि पाण्याची टाकी यांसह, माझ्या भावाला तहहयात राहण्यासाठी देत आहे. त्याच्या पश्चात ते मुलीकडे जावे. मुलीची याला संमती आहे, किंबहुना सूचना तिचीच. अट एकच. भावाने खालचे घर सोडावे आणि पुन्हा तिथे राहायला जाऊ नये. बँकेतली शिल्लक त्याचे दुकान वर हलवण्यासाठी वापरावी. तो हट्टी आहे, सहजासहजी ऐकणार नाही, म्हणून कारण पुढच्या कलमात सविस्तर लिहितो. वकिलांनी हे कलम आटोपशीर करा असे सुचवले होते. मी नाही म्हटले.

कलम ३. नोकरीची पहिली चौदा वर्षे मी पट्टीवर दिसेल तो आकडा लिहिला. रोजच्या आकड्यातून काही कळत नाही, कारण वारा, चंद्र, पाऊस सगळेच त्यात हात घालतात. पण वर्षाची सरासरी काढली की खरे दिसते, आणि माझी सरासरी दरवर्षी किंचित वर सरकत होती. मी कागद घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब हसले आणि म्हणाले, समुद्र काय फुगा आहे का? तुमचा खांब चिखलात खचतोय. खांब खाली गेला की पाणी वर आल्यासारखे दिसते. दुरुस्ती लावा.

त्यांचे म्हणणे चुकीचे वाटावे असे नव्हते. खांब खाली जावो की समुद्र वर येवो, पट्टीवर आकडा एकच दिसतो. खरे काय ते ठरवायचे तर धक्क्यापासून दीपगृहाखालच्या कातळावर कोरलेल्या खुणेपर्यंत उंची मोजून ती जुन्या मोजणीशी ताडून पाहावी लागते. दोन दिवसांचे काम. मी ते केले नाही. नोंदवहीत 'दुरुस्ती' असा एक रकाना आखला आणि दरवर्षी चार मिलिमीटर जास्त वजा करत गेलो. बावीस वर्षे. माझ्या वहीत समुद्र शहाण्यासारखा एका जागी बसून राहिला. त्याच आकड्यांवर खाडीकाठच्या वस्तीला परवानगी मिळाली.

पंधरा वर्षांपूर्वी भावाने तिथे घर घ्यायचे ठरवले तेव्हा तो मला विचारायला आला होता, पाणी चढतंय का रे दादा? मी त्याला वही उघडून दाखवली. समुद्र आहे तिथेच आहे, म्हणालो. मला तेव्हा मोठा अभिमान वाटला होता. शेजारचा रिकामा प्लॉट मी स्वतःसाठीही घेतला.

निवृत्तीच्या वर्षी मुलगी सुट्टीवर आली असताना तिने आपले यंत्र लावून ती उंची मोजली. मला वाटले, बापाच्या कामाचे कौतुक म्हणून मोजते आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, खांब जागेवर आहे. समुद्र वर आलाय."

मी दोन आठवडे तिच्याशी वाद घातला. तिने मला लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो वायू सोडतो तो डोळ्यांना दिसत नाही, पण पांघरुणासारखा उष्णता धरून ठेवतो. त्यातली बहुतेक उष्णता समुद्र पितो. तापलेले पाणी फुगते. शिवाय जमिनीवरचे जुने बर्फ वितळून समुद्रात येते. म्हणजे साहेबांचा फुगा खराच निघाला. बावीस वर्षांत नऊ सेंटीमीटर, पाच बोटे. पाच बोटांनी काय होणार, असे मी विचारले. ती म्हणाली, रोजच्या भरतीला काही नाही, पण उधाण आणि वादळ एका दिवशी आले की तेही त्या पाच बोटांवर उभे राहते. जे पाणी पूर्वी उंबऱ्याबाहेर थांबायचे ते आता आत येते.

मी तिला काकाला सांगू नकोस अशी शपथ घातली. मी स्वतः सांगेन म्हणालो. तोंडात मिठाची गुळणी धरून मी चौदा महिने बसलो. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज काहीतरी निमित्त निघायचे. चौदा महिन्यांनी, उधाणाच्या दिवशी दुपारी, वारा फिरला आणि पाणी खालच्या घरात शिरले. माझी भावजय पिठाचा डबा माळ्यावर ठेवायला स्टुलावर चढली. स्टूल पाण्यात सरकले, तिचे डोके ओट्याच्या कडेवर आपटले. मी पोचलो तेव्हा भाऊ तिला धरून गुडघाभर पाण्यात बसला होता. ती मला भाऊजी म्हणायची आणि माझ्या वहीची चेष्टा करायची. तिला मी मारले. असा शब्द कायद्यात बसत नाही हे वकिलांनी सांगितले आहे.

कलम ४. पेन्सिलीने भरलेल्या माझ्या कच्च्या वह्या, एकूण छत्तीस, मुलीला द्याव्यात. त्यातले मूळ आकडे खरे आहेत, खोटी आहे ती कचेरीच्या वहीतली वजाबाकी. तिने ते आकडे कचेरीत रीतसर दाखल करावेत आणि माझ्या नावाला कितीही काळिमा लागला तरी मागे हटू नये.

कलम ५. खाडीकाठचा माझा रिकामा प्लॉट कुणालाही विकू नये. तिथे किनाऱ्यावरची झाडी वाढू द्यावी. पाण्याचा जोर ती भिंतीपेक्षा बरी अडवते असे मुलगी सांगते, आणि आता मी तिचे ऐकतो. एवढ्याने समुद्र मागे जाणार नाही हेही तिनेच सांगितले. जाळणे कमी झाले तर तो पुढे जरा हळू चढेल, इतकेच आपल्या हातात आहे.

कलम ६. सायकल औषधाच्या दुकानातल्या मुलीला. शेजाऱ्याने सात वर्षांपूर्वी नेलेली शिडी त्याची समजावी, मात्र ती माझी होती असे त्याने एकदा तरी तोंडाने म्हणावे. साहेबांना माझा चष्मा द्यावा. त्यांना राग आला तर येऊ द्यावा.

कलम ७. हे कलम मूळ मसुद्यात नव्हते. काल साक्षीदार म्हणून सही करायला मी भावालाच बोलावले होते, कारण मला नियम माहीत नव्हता. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष चालत नाही. भावाने पेन खाली ठेवले आणि विचारले, मला काय देतो आहेस तू? का? तेव्हा मला कलम तीन त्याच्या तोंडावर वाचावे लागले. माझ्या माघारी वाचले जावे म्हणून ते लिहिले होते.

त्याने पेनचे टोपण लावले. मग म्हणाला, "मला माहीत होतं, दादा. पाच वर्षं उधाणाला पाणी पायरीवर येत होतं. खालच्या खणातली घड्याळं गंजायची. मी घर सोडलं असतं तर गावानं तुझी वही खोटी ठरवली असती. ती दोनदा म्हणाली, आपण वर जाऊ या. मी म्हटलं, दादाच्या वहीत तसं नाही."

मी त्याला म्हटले, माझ्या मरणाची वाट बघू नकोस, आजच ये. तो उठून गेला. संध्याकाळी दोन पिशव्या घेऊन आला. कलम दोन आजपासूनच लागू समजावे. हे लिहीत असताना तो मागच्या खोलीत आहे. तो आल्यापासून आम्ही दोघे अजून एकमेकांशी बोललेलो नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे आणि त्यात खाडाखोड नाही. खालील दोघांनी माझ्या समक्ष आणि मी त्यांच्या समक्ष सही केली.

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार दुसरा: टपाल कचेरीतले निवृत्त मास्तर (सही)
लिहून देणार: पट्टीवाला (सही)
ठिकाण: टेकडीवरचे घर, पुढची खोली
तारीख: अमावास्येचा दुसरा दिवस, उधाणाची भरती सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी