‘हो गया’ म्हणजे काय झालं?

१२ मार्च १९५२, बुधवार, संध्याकाळी सात. बूट पुसता पुसता डोकं पुन्हा तापलं.

आज विमानतळावर ड्युटीत, विमान निघण्यापूर्वी मेकॅनिक रतनभियाला विचारलं, “सुकाणूची लाकडी खीळ काढली?”

“हो गया, भिया.”

काय झालं? जाऊन पाहिलं तर उभ्या विमानाचं सुकाणू वाऱ्यानं हलू नये म्हणून ठोकलेली खीळ जागच्या जागी! तशीच राहती तर वर सुकाणू वळलंच नसतं, आणि आत एवढी माणसं. रतन म्हणतो, “मैं तो पहियों के गुटके बोल रहा था.” म्हणजे चाकांना अडवायला लावलेले ठोकळे!

खीळ काढून घेण्यात उशीर झाला म्हणून विमानतळावरचे आमचे साहेब माझ्यावरच डाफरले, “तुला फार शंका येतात!” खरं सांगतो तर रतनची नोकरी जाती. म्हणून बोलणी खाल्ली. पण हो गया! वस्तूचं नाव घ्यायला काय जातं?

खर्च: दोन चहा, दोन आणे. एक रतनभियाचा.