हबशाचे डोळे

३ नोव्हें. १९३६, डोणगाव
आजपासून बापूसाहेब देशमुखांच्या माडीवर चित्राचं काम. भिंतभर कापड. देखावा त्यांनीच ठरवलेला: त्यांच्या मूळपुरुषानं लढाईत हबशी सरदार लोळवला तो. महिनाअखेर नागपूरचे साहेब येणार, तोवर पुरा पाहिजे. विचारलं, हबशाचं तोंड कुठून आणू? हसले. "मंग तू कायले हायेस बे?" दिवाणखान्यातला आरसा वर पाठवला. गावात सिद्द्यांचं, म्हणजे हबशांचं, घर एकच, आमचं, तेही त्यांच्या परसात. नाही म्हणायची सोयच नाही.

७ नोव्हें.
मूळपुरुषाची तसबीर कोणाकडेच नाही. म्हणून बापूसाहेब स्वतःच पगडी घालून बसतात. माझ्याहून थोडे उजळ, फार नाही. "गोरा काढ." अर्धा डबा सफेदा त्यांच्या गालांवर गेला. माझ्या वाट्याला काजळी.

१२ नोव्हें.
आरशात बघून काढत होतो आणि उतरले अब्बा. तेच रुंद नाक, तेच कपाळ. मुद्दाम नाही केलं. आमचे लोक दर्यापलीकडून आले, तलवारी चालवल्या. भाषा गेली, नावं गेली. अम्मा दळताना एक गाणं म्हणते, त्याचा अर्थ तिलाही ठाऊक नाही. तोंडं तेवढी राहिली. आणि तेच मी मातीत पाडून…

१८ नोव्हें.
डोळे सोडून सगळं झालं. अब्बांची रीत, डोळे शेवटी. उघडले की चित्रात जीव आला, मग त्यावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. बापूसाहेबही मानतात. अब्बांनी काढलेला वाड्याच्या दारावरचा गणपती फिका पडला, तरी कोणाला हात लावू देत नाहीत.
आज वर आले. "काऊन बे, हबशी मेला का नाही अजून?" म्हटलं, डोळे राहिले. "मिटून टाक. उघडे दिसले त परसातून बिस्तरा उचला मायलेकानं." हसत बोलले, पण बोलले. राग त्यांचा येतो की माझाच, कळत नाही.

२४ नोव्हें.
अम्मा भाकर घेऊन माडीवर आली. चित्रापुढं खालीच बसली.
"तुह्या अब्बाले मातीत काऊन निजवलं?"
मालकाचा हुकूम, म्हटलं. डोळेही मिटायचे आहेत, नाहीतर परस सोडायचं.
ती म्हणाली, "एकडाव त्याचे डोळे म्या मिटवले, या हातानं. आता तू मिटवशीन?"
भाकर तशीच राहिली.

३० नोव्हें., सकाळ
उघडे काढले. दोन्ही. खालून सरळ मूळपुरुषाकडे बघताहेत. सुंदर झालेत, खोटं कशाला बोलू.
अम्मानं चूल पेटवली नाही. भांडी बांधून परसात बसली आहे.
मोटार आली. जिन्यात बापूसाहेब साहेबांना सांगताहेत, पेंटर घरचाच आहे, आमच्याच परसात राहतो.
साहेबांसमोर उघडायला दिलेला पडदा अजून माझ्या हातातच आहे, चित्रावर टाकला नाही.