कचेरीच्या पायऱ्यांचं शूटिंग

सोम. ३ फेब्रु. १९६४
बुलढाणा कचेरी. नेहमीसारखा लिंबाखाली, तीनचाकीवर. धोंडूचा अर्ज फेटाळला. पानठेल्यापुरती जागा मागत होता, दुसरबीडला रस्त्याच्या कडेला. शेरा: 'अर्जदार सुनावणीस हजर नाही.' दोन्ही पाय लुळे. भावानं पहाटे एस.टी.त चढवून आणलं, आणि दिवसभर माझ्या शेजारी बसून होता. शिपाई वरच्या व्हरांड्यातून नाव पुकारतो. हा खालून ओरडतोय, "हाव, हाय न मी! इथंच बसून राह्यलो!" साहेबाचं खाली यायचं नाव नाही. राज्य मराठी झालं, पायऱ्या होत्या तिथेच.
भाऊ म्हणाला, पाठीवर घेऊन जातो. मीच नको म्हटलं. आपण एकमेकांना उचलायला लागलो की पायऱ्यांच्या कडेनं तीनचाकीसाठी उतार कोण बांधणार? एवढी वर्षं हेच सांगत आलोय.

गुरु. ६ फेब्रु.
मुंबईहून फिल्मवाले आले. माझ्या आयुष्यावर छोटा चित्रपट काढणार म्हणे. माझ्यावर! दिग्दर्शक तरणा, चष्मेवाला, फार अदबीचा. सर सर करतो. मी एकच अट घातली, कचेरीच्या पायऱ्या दाखवा. मोठे लोक पाहतील, लाजेकाजेनं तरी उतार होईल. "नक्की, सर."
शांता म्हणाली, "आता तरी नवा सदरा घाला. लोकं काय म्हनतीन, बायको पाहत नाही." दिग्दर्शकाला जुनाच हवा.

शनि. ८ फेब्रु.
घरी शूटिंग. तरुणपणचा मी म्हणून एक नट आणलाय, धडधाकट. दुपारभर माझ्या पायांकडे टक लावून. जेवतानासुद्धा. शेवटी म्हटलं, घे बाबा, हात लावून बघ एकदाचा. ओशाळला बिचारा. चांगला पोरगा आहे, पण...

रवि. ९ फेब्रु.
लिहायला नको वाटतंय.
कचेरी बंद, त्यामुळे पायऱ्यांवर शूटिंग. देऊळघाटच्या शाळेतली माझी जुनी पोरं मुद्दाम आलेली. दिग्दर्शक म्हणाला, "सर, एकदाच हातांवर सरकत वर जा." म्हटलं, तसा कधी गेलो नाही, हेच तर माझं काम. तो अगदी भाबडेपणानं म्हणाला, "मग चित्रपटात तुम्ही केलं काय, असं दाखवायचं?"
खरंच, काय केलं? बसलो.
तेवढ्यात पोरं पुढे आली. "मास्तर, तुमचे पाय नाही तं आमचे खांदे हायेत न!" उचललं. मी ओरडलो, ठेवा खाली, खाली ठेवा बे! एकाच्या डोक्यात बुक्कीही घातली. त्यांना वाटलं, मास्तरांना भरून आलं. कॅमेरा चालू. शांता खाली पदर डोळ्याला लावून उभी. तिलाही आनंदच झाला होता, हे मला अजून गिळवत नाही.
व्हरांडा पहिल्यांदा पाहिला. भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या.

सोम. १० फेब्रु.
दिग्दर्शकाला म्हटलं, ते कापा. "काळजी करू नका सर, आवाज घेतलेला नाही. तुमच्या शिव्या कुणाला ऐकू जाणार नाहीत." मला बरं वाटलं. मूर्ख मी!

गुरु. १४ मे
देऊळघाटला सिनेमाची गाडी आली. मैदानात पडदा. पडद्यावर मी, पोरांच्या खांद्यावर. तोंड उघडं, मूठ वर. वरून सनई, आणि एक जाडा आवाज: आज जनता आपल्या लाडक्या मास्तरांना खांद्यावर घेऊन... पायऱ्या दिसल्या, पण फुलांखाली. हार कुणी टाकले होते कोण जाणे. गाव टाळ्या वाजवतंय, जयजयकार करतंय.
शांता: "काऊन रडता? किती चांगलं दाखवलं तुमाले."
थकलो आहे.

सोम. १८ मे
आज कचेरीत पोरं आधीच हजर. जो येईल त्याला खांद्यावर घेऊन वर. हौसच लागली आहे. धोंडूनं पुन्हा अर्ज केला होता, त्यालाही नेलं. खाली आला तो जागेचा हुकूम घेऊन. माझ्या तोंडात पेढा कोंबला. म्हणतो, "मास्तर, इतके वर्स आपुन उगाच खाली बसून राह्यलो." मनात काही नव्हतं त्याच्या. हसत होता.
पेढा गिळला. त्याचं पोट चालेल आता. मी अडवून धरलं होतं का त्याला? उतार झाला असता तर...

सोम. १ जून
कचेरी, लिंबाखाली बसूनच लिहितोय. मी दिलेल्या उताराच्या अर्जाची आज सुनावणी. सकाळी हेडक्लार्क स्वतः खाली आले, प्रेमानं म्हणाले, "आता उतार कशाले पायजे, मास्तर? साहेबांनी फिलिम पाह्यली. पोरं हायेत न."
शिपायानं नाव पुकारलं. मी खालून 'हजर' म्हणालो. ऐकून न ऐकल्यासारखं करून तो जेवायला गेला. जेवण झालं की पुन्हा पुकारील. वर गेलो नाही तर गैरहजर, अर्ज निकाली. गेलो तर साहेब बघतीलच की, माणूस वर येतो. उतार कशाला?
डबा घेऊन आलेल्या शांताला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "मले काय इचारता? तुमी कधी कोनाचं आयकलं?"
शिपाई आला वाटतं. पोरं समोर उकिडवी बसली आहेत, पाठ माझ्याकडे करून. मला हाडं टोचू नयेत म्हणून खांद्यांवर टॉवेलाच्या घड्या ठेवल्यात.