वगळलेली खोली

मंगळवार, सायंकाळ. चाकण.

आज कंपनीत नेतृत्वावर व्याख्यान झाले. पेरू देश जिंकणाऱ्या स्पॅनिश स्वारांचा आदर्श वक्त्याने आमच्यापुढे ठेवला. मूठभर माणसे, अफाट साम्राज्य, केवढे धाडस, वगैरे. तिथल्या इंका राजाला त्यांनी भेटीस बोलावून दग्याने पकडले, सुटकेसाठी त्याने खोलीभर सोने दिले आणि तरीही त्याचा गळा आवळला, याचा उल्लेखही नाही. ती खोली वगळून हा इतिहास सांगता तरी कसा येतो?

आणि मी काय केले? आभारप्रदर्शन माझ्याकडे होते. सकाळीच लिहून ठेवलेला कागद उघडला आणि ‘प्रेरणादायी विचार’ हे शब्द जसेच्या तसे वाचले. ऐनवेळी मजकूर बदलणे माझ्या शिस्तीत बसत नाही, एवढ्याच कारणासाठी.

परतताना बसमध्ये स्टोअरमधल्या शिंद्यांना खरी हकीकत सांगितली. ते हसले. “अहो राव, माइक तुमच्याच हातात होता की. आता मला सांगून काय उपयोग?”

कंपनीच्या गृहपत्रिकेसाठी व्याख्यानाचा वृत्तांत मलाच लिहायचा आहे. त्यात ती खोली येईल, तो खूनही येईल. आणि आभार मानताना मी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही, हेही येईल. छापण्याआधी तो तपासणाऱ्या साहेबांना यातले काही गाळायचे असेल, तर त्यांनी माझे नावही गाळावे.