तिजोरीतली शेळी

सोमवार, ३ मार्च. सकाळी १०.२०

हे परत ऐकणाऱ्या बाई, आधी डोक्यावर हात फिरव. चष्मा तिथेच आहे. ऐकणारीही मीच आहे, ठाऊक आहे मला. पण आपल्या दोघींत विसरभोळी तू. मी बोलते तेव्हा मला सगळं लख्ख आठवत असतं, घोळ घालतेस ती तू, ऐकताना.

मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून नातीने तिचा जुना, काच तडकलेला फोन दिला. लाल टिकली दाबली की तो ऐकतो आणि लिहून घेतो. हिरवी दाबली की परत बोलून दाखवतो. तारीख, वेळ स्वतःच्या मनाने घालतो. हे कोणाला सांगणार नाहीस ना, असं मी त्याला विचारलं. हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

आज मला नोकरी लागली. वय ऐंशीला दोन कमी.

नात प्रोग्रॅमर आहे. आम्ही दोघीच राहतो. जेवणाच्या टेबलावर तिचं ऑफिस, म्हणून गेली तीन वर्षं आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो. पगारातलं उरेल ते ती डिजिटल नाण्यांत ठेवते. ती नाणी दिसत नाहीत, वाजत नाहीत, तरी म्हणे आहेत. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, बँकेत काउंटरवर बसतो. त्याला कळलं तर घर डोक्यावर घेईल, म्हणून गोष्ट आमच्या दोघींतच. बँक म्हणजे दुसऱ्याच्या वहीत आपलं नाव, असं नातीचं मत. तिला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत आहे, फक्त भाजी कुठली आणू यावर नाही.

त्या नाण्यांची किल्ली म्हणजे अंगठ्याएवढी काळी डबी. डबी बिघडली तर बारा शब्द लागतात. कागदावर नकोत, कागद जळतो. फोनमध्ये नकोत, फोन चुगलखोर. मग मला समोर बसवून म्हणाली, "आजी, तुझं डोकं कोणाला फोडता येत नाही. तुला लिहिता येत नाही, म्हणजे तू कुठे लिहून ठेवणार नाहीस. तूच माझी तिजोरी."

अठ्ठ्याहत्तर वर्षं ज्या गोष्टीपायी मान खाली घालून अंगठा उठवला, ती आज पहिल्यांदा माझी लायकी ठरली. मी ताठ बसले.

शब्द डबीनेच काढून दिलेले, परक्या भाषेतले, पण रोजचे. अर्थ लक्षात ठेव, मी ओळखीन, म्हणाली. फक्त क्रम हलवायचा नाही, आणि कुठल्याही यंत्रापुढे बोलायचं नाही. मी शब्द दिला.

हे यंत्र नाही, जुना फोन आहे. शिवाय मी शब्द सांगतच नाहीये, गोष्ट सांगते आहे. शिडीवर मामा चढला, हातात कांदा. वर आरसा, आरशात वाघ. वाघाने छत्री उघडली, नदी ओलांडली, पलीकडे खुर्चीत बसून चमच्याने शेळी खाल्ली. मग हिवाळा आला, आणि पाव. झालं.

तिने तीनदा म्हणवून घेतली, तीनदा बरोबर. आमच्या घराण्यात एवढी स्मरणशक्ती माझ्याआधी फक्त एकाच बाईची होती. कोणाची ते आत्ता आठवत नाही.

बुधवार, ५ मार्च. दुपारी १.१५

डोकं तापलंय. नातीच्या ऑफिसात रोज उभ्याने मीटिंग असते. सगळे आपापल्या घरी बसूनच उभे असतात. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं, हे प्रत्येकाने साहेबाला सांगायचं. पडद्यावर साहेबाचं फक्त कपाळ दिसतं, म्हणून मी त्याला कपाळच म्हणते. कपाळाने काल काय केलं हे त्याला कोणी विचारत नाही.

त्यात माऊस पाच मिनिटं हलला नाही तर कपाळाला कळतं. मग निरोप येतो, तुम्ही जागेवर आहात ना. पोरगी आंघोळीला गेली की माऊस मी हलवते. म्हणजे दोन नोकऱ्या झाल्या. पगार दोन्हींचा मिळून एक वाटी सूप. तेही असं, की पाकिटं चिकटवायला घ्यावं.

जे यंत्र आपल्याकडे बघतं ते आपलं नसतं, असं नातीचं मत. मत चांगलं आहे. मग माऊस हलवतेस कशाला, म्हटलं. तिने माऊस हलवला.

संकल्प : उद्यापासून रोज सकाळी गोष्ट एकदा म्हणायची. गरज नाही, पण शिस्त म्हणून.

शनिवार, ८ मार्च. सकाळी ११

दोन दिवस शिस्त राहिली. म्हणजे राहून गेली. आज म्हटली. सगळं आठवलं. पण खरं सांगायचं तर गोष्ट कच्ची आहे. शिडी आधी आणि मामा मागाहून, शिडी काय एकटी चालत आली? आणि शेळी चमच्याने कोण खातो? ज्या यंत्राने हे शब्द जोडले त्याने कधी कोणाला गोष्ट सांगून झोपवलेलं नाही. मी मुलगा, नात, शेजारची चार पोरं झोपवली आहेत. मी फक्त एकदोन ठिकाणी हात फिरवला. क्रम तोच.

त्याच दिवशी, दुपारी ४

एक गोष्ट घडली, ती इथेच राहील.

तिची पँट धुवायला टाकली. मशीन खडखडायला लागलं. मशीनला काय, त्याला रोजच काहीतरी होतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. उघडलं तर तळाशी ती काळी डबी. केस वाळवायच्या यंत्राने अर्धा तास वाळवली. दिवा लागेना.

आता मला सांगा, लाखमोलाची किल्ली पँटच्या खिशात ठेवायची वस्तू आहे का? चूक कोणाची?

टेबलावर ठेवून दिली. नातीने बघितली, बंद पडली म्हणाली. ओली होती का, हे तिने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. तिला काळजीच नाही. नवी डबी मागवली, मंगळवारी येईल. "शब्द आहेत ना तुझ्याकडे," म्हणाली. आहेतच.

मंगळवार, ११ मार्च. दुपारी १२.४०

आज जे झालं त्याचं श्रेय माझं आहे. मी मागणार नाही, पण नोंद असावी.

कपाळाने नवा नियम काढला. आठही तास कॅमेरा चालू. माणूस खुर्चीत दिसलाच पाहिजे. जेवताना, खोकताना, नाक शिंकरताना. मी माझ्या ताटासाठी जागा करायला टेबलाशी गेले होते, मुद्दाम नाही. पडद्यात वाकून बघितलं आणि म्हटलं, "बाळा, आधी तू अख्खा दिस, मग दुसऱ्याला बघ."

मला वाटलं आवाज बंद आहे. तो चालू होता. चाळीस खिडक्यांत चाळीस तोंडं, एकही हलेना. कपाळावर आठ्या किती असतात ते मी मोजलं. सहा.

नात माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता मला खाऊन टाकते. ती पडद्याकडे वळून म्हणाली, "आजी बरोबर बोलते आहे. माझा राजीनामा घ्या." शांतपणे, जसं काही मीठ मागतेय.

दहा मिनिटांत तिचं खातं बंद. तीन वर्षं जिथे काम केलं ते दार दहा मिनिटांत बंद होतं, याला हे लोक पद्धत म्हणतात.

तिला स्वतःचं काम काढायचं आहे. छोट्या दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम, जो कोणाकडे टक लावून बघत बसणार नाही. मैत्रीण तयार आहे. सहा महिने नाण्यांवर निघतील. नवी डबी आली आहे, उद्या शब्द सांगायचे. मी गोष्ट परत एकदा घासूनपुसून ठेवली आहे.

बुधवार, १२ मार्च. दुपारी २.३०

यंत्र मूर्ख आहे.

मी घडाघडा सांगितली. हिवाळ्याचे दिवस होते. मामाने शिडी लावली. हातात आरसा, आरशात छत्री. नदीकाठी खुर्चीत शेळी बसली होती. मामाने सुरीने कांदा कापला, शेळीला पाव दिला. तेवढ्यात वाघ आला, पण कुत्रा भुंकला म्हणून परत गेला. एवढी चांगली गोष्ट. डबी म्हणाली, चूक.

नातीने बोटांवर मोजले. तेरा भरले. बारा हवेत, म्हणाली. मी म्हटलं एक जास्तच दिलाय, तक्रार कसली?

"आजी, नक्की हेच?" तिने विचारलं.

मला हा प्रश्न विचारायचा नाही. घरातल्या प्रत्येकाच्या जन्माची वेळ माझ्याकडे आहे. दुपारी जेवले नाही. तसंही सूपच होतं.

गुरुवार, १३ मार्च. रात्री ८

आज पाच वेळा सांगितली. पाचही बरोबर होत्या, फक्त एकसारख्या नव्हत्या.

नातीने सगळे क्रम लावून बघणारा प्रोग्रॅम लिहिला. कुत्रा कधी होता, कधी नव्हता, म्हणून काढला, उरलेले बारा आलटून पालटून लावायचे. यंत्र दिवसभर घरघरलं आणि हरलं. ती म्हणाली, म्हणजे शब्दच बदललाय एखादा. मी म्हटलं, माझ्या तोंडचे शब्द बदलत नाहीत. तुझ्या त्या फुकटच्या नाण्यांचंच काहीतरी बिनसलं असेल. बँकेत पैसे ठेवले असते तर काउंटरवर तुझा बाप तरी दिसला असता.

हे मी बोलायला नको होतं. यंत्राचा पंखा तेवढा बोलत होता.

तिन्हीसांजेला कपाळाचा निरोप आला. उद्या बारापर्यंत कॅमेऱ्याच्या नियमाला लेखी होकार दिला तर राजीनामा विसरून जाऊ, म्हणे. विसरणं त्याला जमतं, आणि पगारही मिळतो त्याचा.

मैत्रिणीने फोन केला होता. नात बाल्कनीत जाऊन बोलली. परत आली तेव्हा नाक लाल होतं. सर्दी असेल.

शुक्रवार, १४ मार्च. सकाळी ९.१०

सर्दी नाही.

हिरवी टिकली दाबली. तीन तारीख ऐकली. केवळ यंत्राची चूक सिद्ध करायला.

आवाज माझाच आहे. चमच्याने खाल्ली, म्हणतेय. चमच्याने. सुरी कुठून आली? आणि वाघाने शेळी खाल्ली होती. मी तिला वाचवली. एका मुक्या जिवाला वाचवलं यात गुन्हा काय?

पण कुत्रा नाहीच.

दुसऱ्यांदा ऐकली. अजूनही नाही.

९.४०

विचार केला. नातीला सांगायचं म्हणजे हा फोन द्यायचा. फोनमध्ये डबी धुतल्याचं आहे. यंत्रापुढे बोलणार नाही हा शब्द मोडल्याचं आहे. सूप आहे. फक्त तीन तारीख ठेवून बाकी पुसता येईल का? लाल टिकली, हिरवी टिकली. पुसायची कुठली ते मला कोणी शिकवलं नाही.

दुसरा उपाय : पाठ करून, आत्ताच आठवलं, असं म्हणायचं. तीनदा प्रयत्न केला. वाघापर्यंत येते आणि शेळी मध्ये येते. मला तिचं तोंड दिसतं.

१०.०५

ती टेबलावर शर्ट इस्त्री करते आहे. आज पडद्यावर नीट दिसायचं म्हणून. कॉलर पुन्हा पुन्हा दाबते आहे, एकाच जागी. जळेल.

जाते.

रविवार, १६ मार्च. सकाळी १०

फोन कालपर्यंत माझ्याकडे नव्हता.

शुक्रवारी इस्त्रीच्या शर्टावर ठेवला आणि म्हटलं, "तीन तारीख ऐक. फक्त तीन. पुढचं ऐकलंस तर तुझी-माझी बोलणी बंद."

तिने तीन ऐकली, डबीत शब्द घातले. उघडली. सगळी नाणी जागेवर. बारा वाजले तेव्हा तिने कपाळाला उत्तर दिलं नाही, शर्टाची घडी घातली.

मग तिने पाच तारीख ऐकली, आठ तारीख ऐकली, सगळ्या ऐकल्या. मी आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून होते. मधे मधे हसण्याचा आवाज आला. आठ तारखेला आला नाही. दाराशी येऊन एवढंच म्हणाली, "धुतलीस?"

मी झोपले होते. म्हणजे डोळे मिटले होते.

काल दिवसभर अबोला. मी धरला की तिने, ते नक्की नाही. फोन चुगलखोर असल्याने जुने शब्द बाद. तिने नाणी नव्या तिजोरीत नेली, नवे बारा शब्द आले. मी गोष्ट ऐकायला तयार होऊन बसले. केससुद्धा विंचरले. ती स्वयंपाकघरातून बिस्किटांच्या डब्याचं पत्र्याचं झाकण आणि खिळा घेऊन आली.

झाकणावर कोरले. पत्रा जळत नाही, म्हणाली. मी म्हटलं, झाकण कोणी चोरलं तर? म्हणाली, झाकण गोष्टीत सुधारणा करत नाही.

म्हणजे माझी नोकरी एका झाकणाला मिळाली. नोटीस नाही, काही नाही. कपाळाने निदान दहा मिनिटं दिली होती.

झाकण माझ्या मांडीवर टाकून गेली. मी म्हटलं, मला काय उपयोग, मला कुठे वाचता येतं. मग चष्मा लावला. डोक्यावरच होता.

अक्षरं नाहीत. चित्रं आहेत, बारा. पहिलं गाढव, त्याचे कान खिळा घसरून लांबले आहेत. मी एकेक बोट ठेवत शेवटपर्यंत वाचलं. कोणाला न विचारता. मग पुन्हा वाचलं. तेच निघालं. पुढची अकरा इथे सांगणार नाही, कारण हे आता मी नाही, पोरी, तू ऐकतेस, आणि तुझ्याबरोबर हा फोनही ऐकतो. एवढंच सांगते की गाढव पहिलं नको होतं. गाढवाने गोष्ट सुरू होत नाही. पण मला कोण विचारतं.

मी विसरले नव्हते, हे नोंदवून ठेव. शेळीपायी झालं.

खोलीतून बाहेर येणार नाही. माझाही राजीनामा आहे. जेवण इकडेच पाठव. सूप नको, का ते तुला पाच तारखेने सांगितलंच आहे. उकडलेले दोन बटाटे, वर लोणी, हात आखडू नकोस. पाव कडा काढून. आणि सोबत चमचा पाठव. सुरी नको.