आईनं डोळे दाखवले

धाराशिव,
१२ फेब्रुवारी २०२३

प्रिय प्रीतीताई,
सप्रेम जय भीम.

भावजींना नमस्कार, लेकीला गोड पापा. आम्ही सगळे बरे आहोत. फोनवर आईचं नाव निघालं की तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. पूर्ण वाच, मग हवं तर रागाव.

सध्या आमचं पथक खुपरीची पाहणी करत गावोगाव फिरतंय. हा डोळ्यांचा संसर्ग. लहानपणी पुन्हा पुन्हा झाला, तर उतारवयात पापणी आत वळते आणि केस बुबुळाला घासतात. जिल्ह्यात असे किती जण उरलेत, ते मोजायचंय. डोळ्यांच्या डॉक्टर राजेश्वरी मॅडम तपासतात, मी नोंद करते. गावं चिठ्ठ्या काढल्यासारखी निघतात. या खेपेला आपलं ईट निघालं, आणि ईटमध्ये आपलीच गल्ली.

मी निर्धास्त होते. पण एकही म्हातारी उंबऱ्याबाहेर येईना. तपासायला म्हणून नेतात आणि डोळाच काढतात, असं कुणीतरी उठवलेलं. शेजारच्या विठाबाईंनी तर माझ्या तोंडावर दार लावलं.

तेवढ्यात आई ज्वारी काढून आली. पदरानं तोंड पुसलं आणि ओट्यावर बसली. "बाई, आधी माझं बघा. समद्यांदेखत बघा."

मॅडमनी बॅटरी धरली. "मावशी, दोन्ही पापण्या आत वळल्यात. कसं सोसलंत?"

माझा हात थांबला. चुलीच्या धुरानं डोळे गळतात, असंच ती मला सांगत आली होती.

"चिमट्यानं केस उपटते. चार दिस बरं वाटतं, पुन्ना टोचाय लागतंय." मग गल्लीकडं वळून तिनं आवाज चढवला. "म्या लपवलं, म्हणून एका डोळ्यानं आता धुरकट दिसतंय. तुमी लपवू नगा. आपरेशन पहिलं माझं होऊ द्या. मला काय झालं तर येऊ नगा!"

ताई, लोकांना समजावणं हेच माझं काम. पण इतकं धीट मला कधी बोलता आलं नाही.

सगळ्यात आधी विठाबाईंचंच दार उघडलं. त्यांचीही एका डोळ्याची पापणी तशीच आत वळलेली. तरण्या पोरांत मात्र खुपरी कुणालाच नाही.

आईचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर तिनं मॅडमना विचारलं, "आता लेकराला जवळ घेतलं तर चालंल का?"

मॅडमना कळेना. मला कळलं.

तुझ्या लेकीच्या नामकरणाला आई पाळण्याला हात न लावता निघून आली. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलं, असं तुझ्या सासरी बोलले आणि तूही तेच धरून बसलीस. खरं तर स्वतःच्या डोळ्यांचं पाणी बाळाला बाधेल, या भीतीनं ती लांब राहिली होती. चारचौघांत सांगितलं असतं तर तुला बोल लागले असते, म्हणून गप्प बसली.

आईच्या तोंडून हे ऐकल्यावर मॅडम म्हणाल्या, "मावशी, संसर्ग केव्हाच सरलाय, उरलेत ते व्रण. तेव्हाही बाळाला काही झालं नसतं."

"मंग म्या उगंच..." एवढं म्हणून आई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

तुला कळवू नको, असं बजावलंय तिनं. पण येत्या रविवारी मी तिला घेऊन पुण्याला येतेय. ती स्वतःहून हात पुढं करणार नाही. लेक तूच तिच्या मांडीवर दे.

आईचा शब्द मोडून लिहिणारी,
तुझी चैताली