दादाचा मुतखडा

रविवार, १२ मार्च २००६, अंबरनाथ

आज कुळगावला दादाकडे गेलो. आबा प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले, म्हणून डॉक्टरांनी मला पन्नाशीआधीच रक्त तपासायला सांगितलंय. दादाला म्हटलं, तूही चल. तर म्हणाला, "मला काय झालंय? साधा मुतखडा आहे." पण चहा संपेपर्यंत तीनदा लघवीला उठला. मुतखडा, तर मग सोनोग्राफीचा रिपोर्ट का दाखवत नाही? वहिनीपण माझ्याकडे बघेना. मग कळलं, पुतणीला सोनिवलीचं स्थळ आलंय. ताईचं लग्न उरकेपर्यंत आबांनाही मुतखडाच होता. लोकांना तसं सांगायचं दादानेच ठरवलं होतं. आज मी पण लोकांतच जमा? निघताना जिन्यापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "तू मात्र उद्याच तपासून घे."